चार उघडे खांब

फुगेकाकांनी आयुष्यभर जे जे रंगवलं, ते ते कुणीतरी लगेच झाकून टाकलं. दवाखान्याच्या तुळया रंगवल्या, तर त्यांच्याखाली पांढरंशुभ्र छत आलं. सिनेमागृहाचे खांब रंगवले, तर त्यांना चहूबाजूंनी लाकडी फळ्या ठोकल्या. बाजाराच्या इमारतीत तर रंग वाळतो न वाळतो तोच पत्रेवाले शिडी घेऊन मागे उभे, आणि वर काकांनाच म्हणतात, "आटपा हो लवकर!" आता अशा माणसाने फुशारकी मारायची तरी कशाच्या जोरावर? तरीही काका मारायचे, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणाल, झाकायचंच होतं तर रंगवलं कशाला? अगदी हाच प्रश्न काकूंनी लग्न झाल्या झाल्या विचारला होता, आणि काका तेव्हापासून त्याचं उत्तर देत आले होते. काकूंना ते तोंडपाठ होतं. लोखंड जळत नाही, पण आगीत तापलं की मऊ पडतं आणि डोक्यावरचं ओझं सोडून देतं. काका लोखंडावर जो रंग मारत, तो एरवी साध्या रंगासारखा गप्प बसून असतो. धग लागली की मात्र तो फुगायला लागतो, फुगून फुगून त्याचा जाड, काळा, भुसभुशीत थर होतो, आणि तो थर धगीला लोखंडापर्यंत लवकर पोचू देत नाही. तेवढ्या अवधीत माणसं जिने उतरून बाहेर पडतात.

"म्हणजे तुमच्या रंगाने काम केलं, तर समजायचं की आग लागली," काकू म्हणायच्या.

"हो."

"आणि आग लागलीच नाही, तर त्याने जन्मभर काहीच केलं नाही."

"तसं म्हण हवं तर."

"बरा धंदा शोधून काढलात हो!"

फुगेकाका हे नाव त्यांना कामावरच्या लोकांनी दिलं, आणि त्याला कारण काका स्वतःच. त्यांच्या पिशवीत कायम या रंगाचा हात दिलेली एक लोखंडी पट्टी असायची. कुणी नुसतं "काय करता आपण?" असं विचारायचा अवकाश, की पट्टी बाहेर! तिच्याखाली लायटर धरून रंग कसा फुगतो ते दाखवल्याशिवाय काका त्या माणसाला सोडत नसत. एकदा साडूने नव्या घराचं जेवण दिलं होतं. तिथे कुणीतरी बिचाऱ्याने सहज चौकशी केली. लायटर मिळेना, म्हणून काका थेट स्वयंपाकघरात गेले आणि पट्टी गॅसवर धरून उभे राहिले. रंग मस्त फुगला. वास असा सुटला की पाहुणे ताटं घेऊन गच्चीत गेले आणि उरलेलं जेवण तिथेच झालं. "पण फुगला की नाही?" घरी येताना काका विचारत होते. काकू त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

या साडूबद्दल सांगायलाच हवं. काकूंच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रंगारी दोघंही, पण नशिबात केवढा फरक! साडूचं काम गावभर टांगलेलं. केशकर्तनालय, चष्म्याचं दुकान, गॅरेज, जिकडे बघाल तिकडे त्याची गोलमटोल अक्षरं, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीकशी सही. माणूस मनाने चांगला होता, पण रस्त्याने चालताना मान नेहमी वर.

एकदा दोघी बहिणी खरेदीला गेल्या आणि काका मागून पिशव्या घेऊन चालले होते. धाकटी चालता चालता बोट दाखवत होती. "ताई, ही ह्यांची. ती निळी दिसते ना, तीही ह्यांचीच. ती कोपऱ्यातली नाही हं, ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, बघ ना अक्षर कसं आहे." काकू प्रत्येक पाटीला "छान आहे गं" म्हणत होत्या. वाटेत ते सिनेमागृह आलं. काकूंनी एकदा इमारतीकडे पाहिलं, एकदा मागे वळून काकांकडे पाहिलं, आणि पुन्हा बहिणीच्या पाट्या ऐकायला लागल्या. दाखवणार काय, लाकडी फळ्या? काकांना ते बघणं लागलं. चेष्टा केली असती तर त्यांनी परत चेष्टा केली असती, पण काकू काहीच बोलल्या नाहीत, तेच त्यांना जड गेलं.

म्हणून नव्या वाचनालयाचं काम आलं, तेव्हा काय झालं असेल ते समजून घ्या. इमारत दुमजली, खाली मोठी वाचनाची खोली, वर मुलांचा विभाग, आणि वरचा सगळा मजला खालच्या चार लोखंडी खांबांवर तोललेला. आर्किटेक्ट बाई तरुण आणि हौशी होत्या. त्यांनी काकांना खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, "या खांबांवर मला काही म्हणजे काही लावायचं नाही. लोखंड उघडं दिसलं पाहिजे. तुमचा रंग आणि त्यावर वरचा राखाडी हात, बस."

काकांना वाटलं आपल्याला कमी ऐकू यायला लागलं. "म्हणजे... झाकणार नाही?"

"अजिबात नाही."

"फळ्या नाहीत, पत्रे नाहीत?"

"अहो, नाही म्हटलं ना!"

त्या दिवशी काका घरी आले ते चपला न काढताच थेट स्वयंपाकघरात. "या खेपेला तुला दाखवतो बघ! असे खांब करतो की त्यात तुझं तोंड दिसेल."

"तोंड बघायला घरात आरसा आहे," काकू म्हणाल्या. "आधी चपला काढा." पण संध्याकाळी काकांना आतल्या खोलीतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. काकू बहिणीला सांगत होत्या, "उद्घाटनाला तुम्ही दोघंही या. अगं, ह्यांचं काम आहे तिथे. उघडं असणार आहे, सगळ्यांना दिसेल असं." काका दाराआड उभे राहून ऐकत होते.

काम झकास झालं. प्रायमर वाळल्यावर काकांनी आपला रंग यंत्राने फवारला, एक हात वाळू देऊन मग दुसरा, असं करत करत हवी तेवढी जाडी आणली. या रंगाची सगळी करामत जाडीत असते. साध्या रंगासारखा पातळ मारला तर तो फुगून फुगणार किती? तपासनीस आले, त्यांनी जाडी मोजायचं यंत्र खांबांना जागोजागी टेकवून पाहिलं, मान डोलावली आणि सही करून गेले. आता वरचा राखाडी हात तेवढा उरला होता.

पण हा रंग वाळल्यावर दिसतो कसा? तर संत्र्याच्या सालीसारखा. दाणेदार. आजवर ते कधी कुणाला खुपलं नव्हतं, कारण आजवर ते कुणी पाहिलंच नव्हतं. आर्किटेक्ट बाईंनी खांबावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काम उत्तम आहे हो. जरा गुळगुळीत झालं असतं तर..." आणि वाक्य तसंच सोडून त्या खिडक्यांच्या काचा बघायला गेल्या. त्या गेल्या, पण ते अर्धं वाक्य काकांच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पॉलिश पेपर आणला. वरवरचे दाणे तेवढे काढू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण रंगाऱ्याच्या हाताला एकदा गुळगुळीतपणा लागला, की त्याला आवरणार कोण? जरा इथे उंच वाटतंय, जरा तिथे खोल वाटतंय, म्हणत म्हणत काका घासतच गेले. डोळे मिटून तळवा फिरवायचा, कुठे काही लागलं की पुन्हा घासायचं. खाली पांढरी भुकटी साठली की झाडूने लोटायची आणि सुपलीत भरून बाहेर नेऊन टाकायची. इतक्या वर्षांचा कसलेला माणूस, पण आपण सुपलीत भरून नेमकं काय फेकतोय, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. चारही खांब घासून झाले आणि नमुना म्हणून एकावर राखाडी हात बसला. खांब असा काही चकाकायला लागला की विचारू नका.

आर्किटेक्ट बाई आल्या त्या दारातच थबकल्या. "अहो, हे तुम्ही केलंत?" त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. एक फोटो काकांना शेजारी उभं करून काढला. काकांनी पोट आत घेतलं.

त्या संध्याकाळी काका शीळ वाजवत घरी आले. काकू मटार सोलत बसल्या होत्या. काकाही शेजारी बसून सोलायला लागले, यावरूनच काय ते ओळखा. त्यांनी खांबाचं वर्णन केलं, बाईंचं "अहो, हे तुम्ही केलंत?" दोनदा सांगितलं, फोटोचंही सांगितलं.

"मग आजवर का नव्हता करत असं चकचकीत?" काकूंनी विचारलं.

"कुणाला दिसणार होतं?"

"तेही खरंच. पण केलंत कसं?"

"घासलं. चांगलं हात दुखेपर्यंत घासलं."

"घासलं म्हणजे? रंग निघाला असेल ना मग?"

"वरवरचा गं. थोडा."

काकूंनी शेंग मोडली. "जाडी हवी, जाडी हवी म्हणून माझं डोकं खाल्लंत इतकी वर्षं. जाडी कमी तर वेळ कमी, माणसं उतरणार कशी जिना, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग आता किती वेळ मिळेल?"

त्या काही खोचकपणे विचारत नव्हत्या. उत्तर मिळेल म्हणून विचारत होत्या, कारण या विषयावर काकांचं उत्तर कधी चुकलेलं नव्हतं. या वेळी काकांनी नुसती पुढची शेंग उचलली. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही, त्या पुढचंच बोलत होत्या. "मी तर बाई रोज दुपारी तिथे जाऊन बसणार आहे. किती कादंबऱ्या वाचायच्या राहिल्यात. आणि वर मुलांचं आहे म्हणे, म्हणजे दंगा असणारच." मग त्यांनी टोपल्यात पाहिलं आणि ओरडल्या, "अहो! दाणे सालांत टाकताय आणि सालं भांड्यात!"

सकाळी काका सगळ्यांच्या आधी कामावर पोचले. जाडी मोजायचं यंत्र त्यांनी पहिल्या खांबाला टेकवलं. आकडा कमी. वर टेकवलं, कमी. कडांपाशी टेकवलं, तर इतका कमी की काकांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. यंत्र शहाणं होतं, त्याने पुन्हा तोच आकडा दाखवला. काका रंगाच्या डब्यावर मटकन बसले.

आता काका काही संत नव्हते. तपासणी झालेली होती, सही झालेली होती, पुन्हा कुणी मोजायला येणार नव्हतं. वरचा राखाडी हात बसला की आतलं कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. बाई खूश होत्या. साडूला आमंत्रण गेलं होतं. वाचनालयाला आग लागते कधी, असंही त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. आयुष्यभर हाच प्रश्न त्यांना लोकांनी विचारला होता आणि आयुष्यभर त्यांनी लोकांना वेड्यात काढलं होतं. आज तो स्वतःच विचारला, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात डोक्यावर खडखडाट झाला. वरच्या मजल्यावर हमाल मुलांच्या पुस्तकांची छोटी छोटी कपाटं सरकवत होते. काकांनी वर पाहिलं, मग त्या चकचकीत खांबाकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढला.

"सही झाल्यावर घासलंत?" तपासनीस फोनवर इतके मोठ्याने बोलले की काकांनी फोन कानापासून लांब धरला. "इतक्या वर्षांचे तुम्ही, आणि सही झाल्यावर?"

"हो साहेब. चुकलं. परत मारतो, परत मोजायला या."

आर्किटेक्ट बाईंना सांगणं त्याहून कठीण गेलं, कारण त्या ओरडल्या नाहीत. "माझ्यामुळे झालं का हे?" एवढंच त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "नाही हो बाई, माझाच हात शेफारला."

पण भोग अजून संपले नव्हते. खोलीत आता काचा बसल्या होत्या, कपाटं लागली होती, अर्धी पुस्तकंही आली होती. फवारायचं यंत्र आत आणायची सोय राहिली नव्हती, रंग सगळ्यांवर उडाला असता. म्हणजे ब्रश! हा रंग ब्रशने मारणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. घट्ट असतो, ओढल्याची प्रत्येक रेघ तशीच्या तशी धरून ठेवतो. सावकाश एकेक जादा हात देऊन, मग जाडी राखून घासून सारखं करायला दिवस हवेत, आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. काकांनी नमुन्याच्या खांबावरचा राखाडी हात खरवडून काढला आणि चारही खांबांना ब्रशने हात द्यायला घेतले. ओल्या रंगात जाडी मोजायचा दातेरी कंगवा टेकवून प्रत्येक हात तपासला. कडांवर दोनदा फिरले. तपासनीस येऊन यंत्र टेकवून गेले आणि या वेळी जाताना म्हणाले, "आता हात लावू नका म्हणजे मिळवलं." राखाडी हात बसला, पण त्याखालून सगळ्या रेघा वर आल्या. आधी संत्र्याची साल होती, आता फणसाची झाली. आपल्या हातून इतकं कुरूप काम काकांनी उमेदवारीतही केलं नसेल.

हे सगळं त्यांनी काकूंना सांगितलं का? छे! उलट उद्घाटनाच्या सकाळी ते म्हणाले, "तुझा गुडघा दुखतोय ना? गर्दी असणार तिथे."

"गुडघा ठीक आहे."

"नंतर सावकाश बघशील की."

"अहो, तुम्हाला झालंय काय? एवढे दिवस कान किटवलेत माझे, आणि आज नको म्हणताय?" काकूंनी ठेवणीतले कपडे काढले होते.

वाचनालयात माणसं मावत नव्हती. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी खिडक्यांचं कौतुक केलं, दिव्यांचं केलं, जमिनीचंसुद्धा केलं. खांबांपाशी आल्यावर ते म्हणाले, "हे खांब तेवढे जरा ओबडधोबड राहिलेत, नाही?" आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "ते असेच हवे होते." काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या पाहुण्यांना घेऊन पुढे निघून गेल्या.

साडू नवा शर्ट घालून आला होता. त्याने खांबावर टिचकी मारली. "काय हो साडूबुवा, ब्रश जुना होता काय?" आणि खदखदून हसला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, रंगाऱ्याची रंगाऱ्याला चेष्टा होती. धाकटीने मात्र हळूच विचारलं, "ताई, हेच का गं ते चकचकीत?" साडू आणि धाकटी मग पुस्तकं बघायला पलीकडे गेली, आणि खांबापाशी काका आणि काकू दोघंच उरले.

काकूंनी खांबावर तळवा ठेवला. तो त्यांनी हळूहळू खाली आणला, रेघांवरून, मग कडेवरून. कडेला रंग जास्तच जाड होता.

"घासला होतात ना हा?"

"हो."

"मग?"

"परत मारला. यंत्र आत आणता येईना, ब्रशने मारला. म्हणून हा असा."

"कुणी पकडलं तुम्हाला?"

"कुणी नाही. सही झालेली होती." काकांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीचच पुन्हा आत ठेवला. "तू विचारलंस ना मटार सोलताना, किती वेळ मिळेल. मला सांगता येईना." त्यांनी खांबावरच्या एका रेघेवर बोट ठेवलं. "एवढ्या वर्षांत एकदाच तुला दाखवण्यासारखं काम हाताला आलं होतं गं. त्याचीही मी अशी माती केली."

वर मुलांना आत सोडलं असावं. एकदम धावाधाव सुरू झाली, कपाटांची दारं आपटली, कुणीतरी किंचाळलं आणि सगळी पोरं हसली. काकूंनी छताकडे पाहिलं. हात अजून खांबावरच होता.

"दिसलं मला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली, एक खुर्ची ओढत आणली, ती खांबाला टेकवून ठेवली आणि चष्मा लावून बसल्या.

"अगं, घरी नाही का जायचं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," काकू पान उलटत म्हणाल्या. "मला इथे बरं वाटतंय."